बंद कानांचा टोप

मित्रांनो, मी एक जुना फौजी टोप आहे. शहरात मला हेल्मेट म्हणतात. एकही लढाई न पाहता म्हातारा झालेला टोप तुम्ही ऐकला नसेल, तर तो मीच. वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावात, निवृत्त हवालदार जगदेव यांच्या घरी, धान्याच्या कोठीवर मी बसून असतो. माझ्यात सध्या कांदे आहेत. ते जगदेवच्या आईने, गोजराबाईने ठेवलेत. तिला माझा मानमरातब ठाऊक नाही. ती मला टोपले म्हणते, आणि खरे सांगायचे तर टोपल्याचे काम मी बरे करतो.

पण माझा जन्म कांद्यांसाठी झाला नव्हता. दूरच्या एका शहरातल्या प्रयोगशाळेत मला घडवले गेले. पोलादाचा कण नाही माझ्यात. चिवट धाग्यांचे पदर एकावर एक चिकटवून, तापवून, दाबून माझे कवच तयार केले. जुन्या टोपापेक्षा मी हलका आणि तरीही त्याच्यापेक्षा मजबूत. माझ्या उजव्या बाजूला काडेपेटीएवढा पडदा लावला होता. त्यावर जवानाला आपले सोबती हिरव्या ठिपक्यांसारखे दिसत. आणि दोन्ही कानांवर जाड, गुबगुबीत झाकणे होती. स्फोटाचा आवाज ती बाहेरच अडवत. आत येई तो फक्त तुकडीच्या नायकाचा आवाज, स्वच्छ, जणू कोणी कानाशी बसून बोलते आहे. बाकी सगळ्या बारीकसारीक आवाजांना ती कचरा समजून गाळून टाकत. या झाकणांचा मला भारी अभिमान होता.

मला घडवणाऱ्या इंजिनिअरचे नाव सरिता मॅडम. तीन वर्षे त्या माझ्यामागे होत्या. जेवणाच्या सुट्टीतही एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात मी, असे त्यांचे चाले. ‘हा एक जीव जरी वाचवेल ना, तरी पुष्कळ झालं,’ असे त्या म्हणत. ते ऐकून माझी छाती फुगे. छाती नव्हती, ही गोष्ट वेगळी.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. नवे सामान तयार झाले की ते उचलून थेट सरहद्दीवर पाठवत नाहीत. आधी त्याची परीक्षा होते, आणि ती खोट्या लढाईत होते. आमच्यासाठी गोदामाएवढी मोठी खोली होती. भिंतींवर पडदे, पडद्यांवर डोंगर आणि धूर. मधे प्लायवूडची घरे उभी केलेली, मातीचा एक उंचवटा, तुटकी भिंत. बंदुकीतून गोळीऐवजी प्रकाशाची तिरीप निघे. ती जवानाच्या जाकिटावर पडली की जाकीट शिटी वाजवी, आणि त्या जवानाने तिथेच खाली बसायचे. तो मेला. संध्याकाळी मेलेले सगळे चहा प्यायला येत.

काम एकच होते. उंचवट्यापासून शेवटच्या घरापर्यंत जायचे आणि तिथे पडलेला कापडी जखमी उचलून आणायचा. जवान दोघादोघांच्या जोडीने जात. हेच काम काही जोड्या वीस वेळा जुना टोप घालून करत, काही जोड्या वीस वेळा नवा घालून. काचेमागे सरिता मॅडम आणि मोठे साहेब बसत. कोण किती वेळात पोहोचले, किती मेले, ते यंत्र टिपून घेई. जुन्या टोपात मेलेले आणि नव्या टोपात मेलेले, यांच्यातल्या फरकावर माझे भवितव्य ठरणार होते.

मी ज्या डोक्यावर बसलो ते जगदेवचे. तेव्हा तो चाळिशीच्या आत होता. डोके मोठे, केस राठ, कपाळावर घामाचा ओघळ कायमचा. त्याच्या जोडीला अनुप होता, वयाने लहान, जऊळक्याचा. एकाच जिल्ह्यातली दोन माणसे एका तुकडीत भेटली म्हटल्यावर विचारता काय. सगळ्यांशी हिंदी बोलत, आणि दोघेच असले की वऱ्हाडी सुरू. जऊळक्याच्या स्टेशनावर मिळणारी भजी चांगली की आसेगावच्या बाजारातली, यावर त्यांचा महिनाभर वाद चालला होता.

खोटी लढाई सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात आमच्या जोडीने सगळ्यांना मागे टाकले. दुसऱ्या जोड्यांतला कोणी ना कोणी अर्ध्या वाटेत खाली बसे. जगदेव आणि अनुप मात्र जात, कापडी जखमी उचलत, परत येत. त्यांच्या आकड्यांनी नव्या टोपाची सरासरी वर गेली. साहेबांनी काचेतून अंगठा दाखवला. सरिता मॅडमनी पेढे वाटले आणि गंमत म्हणून एक पेढा माझ्यापुढेही ठेवला. जगदेवचे नाव बढतीसाठी वर पाठवायचे ठरले. आणि मी? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अशी माझी गत. पन्नास हजार भाऊ, बर्फातल्या चौक्या, प्रत्येक डोक्यावर मी. अनुपच्या पलटणीला पहिला पुरवठा होणार, असेही ऐकू आले होते. मी दिवसभर त्याच स्वप्नात असे.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला माहीत होती आणि मी गप्प होतो. गप्प राहण्याशिवाय टोपाला दुसरे काय करता येते म्हणा. तरीही ती गोष्ट आजवर मला टोचते.

वाशिमकडे तुरी माणसापेक्षा उंच होतात. तुरीत माणूस शिरला की दोन ओळींपलीकडचा दिसत नाही. आत साप असतो, रानडुक्कर असते. म्हणून तिथली माणसे दर दहावीस पावलांवर एकमेकांना हाक देतात. ओरडून नव्हे, हलकेच. हाक येते, उत्तर जाते, काम पुढे सरकते. लहानपणापासून इतके अंगवळणी पडलेले असते की आपण हाक दिली हेही कोणाच्या ध्यानात राहत नाही. जगदेव त्या प्लायवूडच्या घरांत शिरला की त्याचा अंगठा आपोआप वर येई आणि माझे डावे झाकण बोटभर उचली. मग तो हळूच म्हणे, “हाये का बे?” भिंतीपलीकडून अनुप म्हणे, “हाव.” अनुपच्या डोक्यावरच्या माझ्या भावाचेही झाकण तसेच उचललेले असे.

त्या दोघांना वाचवत होती ती ही हाक. माझा पडदा नव्हे आणि माझी झाकणेही नव्हेत. पण काचेमागच्या सगळ्यांच्या नजरा आकड्यांवर होत्या. अंगठ्याकडे कोण बघतो? नियम असा होता की झाकणे पूर्ण बंद हवीत. जगदेवने तो नियम रोज मोडला, आणि आपण काही मोडतो आहोत हे त्याच्या गावीही नव्हते.

शेवटच्या आठवड्यात जोड्या बदलल्या. ओळखीच्या माणसांमुळे निकाल चांगला येतो की टोपामुळे, हे तपासायचे होते. अनुपला नवा जोडीदार मिळाला, दूरच्या मुलुखातला, अबोल, हिंदीही जेमतेम येणारा. त्याला हाक द्यायची सवय नव्हती आणि अनुपला त्याची भाषा येत नव्हती. अनुपने शहाण्यासारखी झाकणे बंद ठेवली आणि पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर विश्वास टाकला.

तुटक्या भिंतीपाशी तो जोडीदार मेला. जाकिटाने शिटी वाजवली. पण झाकणाने त्या शिटीलाही कचरा समजून गाळले. भिंतीमुळे जोडीदाराच्या टोपाचा संदेश अडला, आणि पडद्यावर त्याचा ठिपका हिरवाच, अनुपच्या शेजारीच दिसत राहिला. अनुप एकटाच पुढे गेला. शेवटच्या घरात शिरला, कोपऱ्यात दबा धरून बसला आणि जोडीदाराशी हळू आवाजात बोलत राहिला. वीस मिनिटे तो रिकाम्या जागेशी बोलत होता. खेळ थांबवून त्याला बाहेर आणले तेव्हा तो घामाने भिजला होता आणि जोडीदार कुठे आहे ते विचारत होता. खरोखर मेले कोणीच नव्हते. तरीही त्याचा चेहरा पाहून चहा प्यायला आलेली माणसे बाजूला झाली.

यंत्राला घाम दिसत नाही. अहवालात ओळ आली की या जवानाने पडलेल्या जोडीदाराकडे दुर्लक्ष केले आणि त्याला सोडून पुढे गेला. फौजेत याहून वाईट शेरा नाही. हा शेरा घेऊन अनुप पलटणीत परत जाणार होता.

त्या संध्याकाळी दोघे ओसरीत आम्हाला फडक्याने पुसत बसले होते. अनुप म्हणाला की आत फक्त आपल्याच श्वासाचा आवाज येत होता, आपण विहिरीत पडलो आहोत असे वाटत होते. आणि मग त्याने विचारले, “आपन दोघं असलो तं असं काहून नाई झालं?”

जगदेवचा हात थांबला. त्याने माझ्या डाव्या झाकणाकडे पाहिले. तिथे रोजच्या अंगठ्याने एक काळसर डाग पडला होता. त्याने अनुपच्या टोपाचे झाकण पाहिले, तिथेही तसाच. दोघांच्या ध्यानात एकदमच आले. अनुपने लगेच सांगून टाकले की हे कोणाला बोलायचे नाही. शेरा त्याच्यावर आला आहे, तो सोसेल. जगदेवची बढती कशाला घालवायची. तिथे आणखी एक-दोघे होते, त्यांनीही हेच सांगितले. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणाले.

मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो, मित्रांनो. गप्प बस, जगदेव. माझे पन्नास हजार भाऊ वाट पाहत आहेत. आज सांगायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी जगदेव मला काखेत घेऊन काचेच्या खोलीत गेला. आत मोठे साहेब होते, सरिता मॅडम होत्या. त्याने मला टेबलावर ठेवले.

“मॅडम, हे आकडे टोपाचे नाईत,” तो म्हणाला. “मी हर बारीले डावा कान उघडा ठेवून राह्यलो होतो.”

मॅडमना आधी काही कळेचना. मग त्यांनी सावकाश विचारले, “प्रत्येक वेळी?”

“हाव जी. अनुपनंबी. त्याचा काई कसूर नाई. कान बंद केले तं बाजूचा मेला काय अन् जगला काय, समजतच नाई.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

जगदेवने मान खाली घातली. “हे सांगाची गोष्ट हाये असं मले वाटलंच नाई. तुरीत आमी असंच करतो.”

मॅडमनी माझ्या झाकणावरच्या त्या डागावर बोट फिरवले. तीन वर्षे, दुपारची ती पोळी, सगळे त्यांच्या चेहऱ्यावरून गेले. साहेब रागावले. परीक्षेचे नियम मोडले, महिन्याभराचे काम पाण्यात गेले, हे खरेच होते. पण मॅडमनी त्याच बैठकीत स्वतःच्या हाताने अनुपवरचा शेरा खोडला आणि माझ्या नावासमोर ‘नामंजूर’ लिहिले. लिहिताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

जगदेवची बढती गेली, ती गेलीच. तो हवालदार म्हणूनच निवृत्त झाला. अनुप सन्मानाने पलटणीत परतला. माझा पडदा, तारा आणि यंत्रे काढून घेतली आणि मला कपाटात ठेवले. तिथे मी किती वर्षे होतो ते मला सांगता येणार नाही. कपाटात दिवस आणि रात्र सारखीच. पुढे जगदेव निवृत्त झाल्याचे मॅडमना कळले तेव्हा त्यांनी परवानगी काढून माझे रिकामे कवच, कानांच्या झाकणांसकट, त्याला आठवण म्हणून पाठवले. सोबत चिठ्ठी होती. पुढच्या टोपाला कान उघडे ठेवलेत, तुमच्यामुळे, एवढेच तिच्यात होते.

पण माझे खोके उघडताना जगदेव हसला नाही. कारण त्याआधीच अनुप गेला होता.

खोट्या लढाईनंतर दुसऱ्या हिवाळ्यात, एका उंच चौकीवर, तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या डोक्याला लागला. डोक्यावर जुना टोप होता. मी असतो तर तो तुकडा अडला असता का? मला वाटते, अडला असता. जगदेवलाही तेच वाटते. आम्ही दोघे एका घरात राहून हा एकच हिशोब करत बसतो. त्याची बायको ज्योत्स्ना मुलीच्या कॉलेजसाठी वाशिमला असते, रविवारी येते. इतर दिवशी तो शेतातून आला की कोठीसमोर बाज टाकून माझ्याकडे बघत राहतो. “काहून बसला रे त्या टोपल्याकडं पाहून? जेवून घे,” असे गोजराबाई म्हणते. तो जेवतो. पण आईला सांगण्यासारखे त्याच्याकडे काही नसते, आणि मला सांगण्यासारखे खूप असते, पण ते मला आधीच ठाऊक असते. ज्याचे जळते त्यालाच कळते.

जऊळका काही सातासमुद्रापार नाही. तरीही अनुप गेल्यावर पाच वर्षांत जगदेव त्याच्या आईला भेटायला गेला नाही. दोनदा निघाला. एकदा तर वाशिमच्या स्टेशनापर्यंत जाऊन, गाडी समोर उभी असताना परत आला.

मग गेल्या महिन्यात ती आपणच आली. भागिरथाबाई. रेल्वेने वाशिमला, तिथून एस.टी.ने, हातात कापडी पिशवी. दुपारची वेळ होती. गोजराबाईने तिला पाणी दिले, चहा ठेवला. कोणाची कोण हे कळल्यावर तिने मुकाट्याने माझ्यातले कांदे काढून सुपात ओतले. का कोण जाणे. मला वाटते, तिला ओशाळल्यासारखे झाले.

भागिरथाबाई रागावली नव्हती. तिला फक्त विचारायचे होते. “तू काहून नाई आला रे बाबू? तुह्यं नाव तं तो रोज घ्यायचा.”

जगदेवने सारे सांगितले. काही लपवले नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, “हा पास झाला असता तं अनुपच्या पलटनीले पहिले भेटला असता. मी बोललो म्हनून नाई भेटला. माह्यामुळं गेला तो, मावशी.”

चहा निवून गेला. मग भागिरथाबाईने मला हात लावला, उलटे केले, आत पाहिले.

“माह्या लेकानं घातला होता ना असाच? घाल माह्या डोक्यात.”

जगदेव नको नको म्हणत होता. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि वाट पाहत बसली. शेवटी त्याने मला उचलले. किती वर्षांनी माझ्याखाली माणसाचे डोके आले, मित्रांनो. केस पांढरे आणि विरळ, डोके लहानसे. त्याने पट्टा आवळला, आणि माझी दोन्ही झाकणे पूर्ण बंद झाली. या वेळी कोणाचा अंगठा मधे नव्हता.

आत फक्त तिचा श्वास उरला. बाहेर गोजराबाई भांडे ठेवत होती, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होता, यातले तिला काहीही ऐकू येत नव्हते. तिच्यासमोर जगदेव उकिडवा बसला होता. त्याचे ओठ हलत होते. पाच वर्षे जे त्याला म्हणायचे होते ते तो म्हणत होता, “मले माफ कर, मावशी, मले माफ कर,” आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी चालले होते. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्याचे शब्द माझ्यापर्यंत आले. तिच्यापर्यंत मी ते जाऊ दिले नाहीत. मला त्यासाठीच तर बनवले होते.

तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मी नापास का झालो. अहवालात वाचून जे कळले नव्हते ते तिच्या श्वासात कळले. तो श्वास हळूहळू भरभर होऊ लागला होता. तिचे हात वर आले आणि माझी झाकणे चाचपू लागले. जगदेवने घाईघाईने पट्टा सोडला.

तिने मला काढून मांडीवर ठेवले.

“काय म्हनलं तुनं?” तिने विचारले.

जगदेवला ते दुसऱ्यांदा म्हणता येईना.

“राहू दे,” ती म्हणाली. “यात घालून माह्या पोराले पहाडावर बसवलं असतं, तं तो मराच्या आधीच मेला असता. बरं केलं तुनं.”

जगदेव लहान मुलासारखा रडला. तिने त्याला रडू दिले. नंतर चारच्या एस.टी.ने तो तिला जऊळक्याला पोहोचवायला गेला आणि दोन दिवस तिकडेच राहिला. मी कोठीवर होतो. गोजराबाईने कांदे पुन्हा माझ्यात भरले, आणि ती दिवसातून दोनदा माझ्यावरून फडके फिरवी. घर फार शांत होते. मी पहिल्यांदाच पन्नास हजार भावांचे स्वप्न पाहिले नाही. पण एकटेपणा गेला असे मी म्हणणार नाही. टोपाला डोके लागते, आणि ते आता मला मिळणार नाही.

मित्रांनो, मला जपा, माझी धूळ पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मजबूत कवचे पुष्कळ मिळतात. तुम्ही मोठे होऊन कोणासाठी काही बनवाल, तेव्हा जो ते घालणार आहे त्याला आधी विचारा, आणि त्याचे उत्तर आवडले नाही तरी ऐका. आणि तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कोणी बराच वेळ गप्प असेल, तर त्याला एकदा हाक मारा. उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.